खडावांचा दोष

कॉन्स्टंटीन, २९ मार्च

झहूर लल्ला,

तुझ्या फोनवर तू माझा नंबर बंद केला आहेस हे कळलं. पत्ता मात्र तोच असावा. मावशीनं ईदला ओरानला पाठवलेलं पार्सल परत आलं नाही, त्यावरून धरून चालले आहे.

एकच विचारायचं आहे. तुला दिवस गेले होते तेव्हा, शेवटी शेवटी, तुझी जांघ दुखत होती का? पाय धडाला जोडलेला असतो तिथे, अगदी आत. उभं राहिलं की कळ येते आणि बसलं की जाते, तशी?

हा प्रश्न लिहून मी थांबले होते, पाकीट बंदही करणार होते. पण का विचारतेय ते न सांगता विचारणं बरं नव्हे. मला दिवस गेलेत. सातवा सरत आला आहे. वय त्रेचाळीस, आणि पहिलंच. मावशीकडून तुला कळलं असेलच. कळल्यावर तुला, माझ्या थोरल्या बहिणीला, काय वाटलं असेल, या विचारानं दोन महिने लिहायचं टाळलं. आज लिहितेय ते तुझ्या काळजीनं नाही. मला भीती वाटतेय म्हणून.

गेल्या महिन्यात शाळेत फळ्यापाशी उभी असताना उजव्या जांघेत पहिल्यांदा कळ आली. मुलींना वाटलं, मॅडम शब्द आठवतायत. आता मोजे घालताना येते, नमाजाला उठताना येते, कूस बदलताना येते. खुर्चीत बसले की नाहीशी होते. त्यामुळे सांगितलेलं कोणाला खरं वाटत नाही. पाच मिनिटं बसले की मलाही खोटं वाटायला लागतं. बाळंतपणाच्या डॉक्टरांनी पोटाकडे पाहिलं, पायाकडे नाही. म्हणाले, मॅडम, वय झालंय, वजन वाढलंय, दुखणारच.

तय्यब हस्सी मसऊदला तेलविहिरींवर आहे. चार आठवडे तिकडे, तीन आठवडे घरी. घरात मी आणि त्याची आई, हज्जा. त्यांचा एकच मंत्र: चाल. "मी तय्यबच्या वेळी नवव्या महिन्यात सगळा जिना धुऊन काढला, हात पुसले आणि मग सुईणीला बोलावणं धाडलं," असं शेजारणींसमोर सांगतात. आमचं घर पाचव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. रोज एकदा खाली जाऊन वर यायचं, असा नेम त्यांनी घालून दिला आहे. मी पाळते. चौदा वर्षं त्यांनी या नातवंडाची वाट पाहिली आणि मला एकदाही टोचून बोलल्या नाहीत. त्यांना नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

तुझं काय झालं ते मला यम्माकडूनच, आपल्या आईकडूनच, कळलं होतं. मी तेव्हा अल्जीअर्सला शिकत होते. खडावा घालून जिना उतरलीस, पडलीस, पाय मोडला, आणि मग बाळ गेलं. एवढंच. त्याच्या आधीचं मला काही माहीत नाही. आधी दुखत होतं का?

मुनीरा

*

११ एप्रिल

लल्ला,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, असं लिहिणार होते. पण रोज टपालाच्या वेळेला मी बाल्कनीत असते, तेव्हा ते खोटं ठरेल.

हज्जांनी आता माझ्या दुखण्याचं नाव ठरवलं आहे. बूझल्लूम. कमरेतून पायात उतरणारी शीर धरते ना, ते. काल त्या एका बाईला घेऊन आल्या. म्हणे त्यांच्या घराण्यात आजीपासून हाताला गुण आहे. बाई स्वभावानं गोड. मला डाव्या कुशीवर निजवलं, कोमट ऑलिव्हचं तेल चोळलं आणि मग स्वतःची टाच माझ्या जांघेवर ठेवून हळूहळू भार दिला.

मी ओरडले. बाई म्हणाल्या, "बघ, निघतंय." हज्जा माझे केस कुरवाळत होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. लल्ला, माझ्या वाईटावर इथे कोणीच नाही. असतं तर मला भांडता आलं असतं.

ती बाई गेल्यावर मला उभं राहता येईना. हज्जा म्हणाल्या, उद्या बघ कशी हरणासारखी पळशील. आज मी भिंत धरून न्हाणीघरापर्यंत गेले. हे त्यांना सांगितलं नाही. बरं वाटतंय म्हणाले. का म्हणाले कोणास ठाऊक. ही मी वर्गात मुलींना नेमकं बोला, जे आहे तेच बोला म्हणून छळणारी.

तुझी आठवण सारखी येते ती एका कारणानं. यम्मा फोनवर म्हणाली होती, "आठवा लागल्यापासून झहूर नुसती लोळत असते, काम टाळते." हे वाक्य इतकी वर्षं कुठे होतं?

मु.

*

१९ एप्रिल

लल्ला,

परवा आमच्याकडे फुलांचं पाणी उतरवलं. हम्मा गावाहून आंबट नारिंगाच्या फुलांची दोन मोठी गाठोडी आली. पांढऱ्या चादरीवर पसरली तेव्हा सगळा जिना घमघमला. तिसऱ्या मजल्यावरची हूरिया वर येऊन म्हणाली, तुमच्यामुळे माझ्या चोरब्याच्या सुपाला अत्तराचा वास येतोय.

हज्जांच्या माहेरची रीत अशी की घरात मूल यायचं असेल तर त्या वर्षीची पहिली बाटली त्या मुलाची, आणि ती आईनं स्वतः उतरवायची. पहिल्या थेंबापासून बाटली भरेपर्यंत कत्तारच्या भट्टीजवळून हलायचं नाही. तुला आठवत असेल, खालच्या तांब्याच्या हंड्यात फुलं उकळतात, वरच्या भांड्यात गार पाणी, आणि ते पाणी कोमट झालं की लगेच उपसून पुन्हा गार ओतायचं, नाहीतर वाफेचं पाणी होत नाही. उपसणं, बादली उचलणं, ओतणं. सकाळभर तेच.

मी बसून करते म्हणाले. हज्जा हसल्या. "बसून? अगं, बसून उतरवलेल्या पाण्यानं पोर आळशी निघेल." हूरियाही हसली, आणि मीही. हसून उभी राहिले.

बाटली गळ्यापर्यंत आली होती. मी बादली उचलली आणि उजवा पाय माझा राहिला नाही. पाय घसरला नाही, अडखळला नाही. नुसता नव्हताच. ओट्याची कड हातात आली म्हणून वाचले. बादली सांडली, कत्तार कलंडला, हज्जांच्या हातावर वाफ आली. त्यांनी आधी बाटली उचलली, मग मला. बाटली वाचली. त्या पुटपुटत होत्या, नजर लागली, पहिल्याच बाटलीला नजर लागली.

तेव्हापासून मी पलंगावर आहे. काल तय्यब पाळी संपवून घरी आला. मला बघून म्हणाला, "तू तर फोनवर बरी आहेस म्हणत होतीस." उद्या दवाखान्यात नेतो म्हणतोय. तो सोबत असला तरी हा जिना कसा उतरायचा, मला कळत नाही.

*

२७ एप्रिल

झहूर लल्ला,

हे पत्र नीट वाच. बाकीची फाडली असलीस तरी हे वाच.

जिना मी बसून उतरले. लहान मुलं उतरतात तशी, एकेक पायरी, तय्यब पुढे उलटा चालत. हूरियाच्या नवऱ्यानं दार उघडलं, मला पाहिलं आणि लाजून बंद केलं.

हाडांच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या. त्यांनी एक्स-रे काढला नाही, त्या मोठ्या नळीत निजवून चुंबकाच्या यंत्रानं फोटो काढला, बाळाला त्याचा त्रास नसतो म्हणाल्या. मग पडद्यावर दाखवलं. डावीकडे मांडीच्या हाडाचा गोळा काळसर होता. उजवीकडे पांढरा, धुकं भरल्यासारखा. आत पाणी धरलंय म्हणाल्या. हाड विरळ झालंय. काही थोड्या बायकांना शेवटच्या महिन्यांत असं होतं, का होतं ते अजून कोणालाच नीट कळलेलं नाही.

"मॅडम, हे हाड सध्या चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं आहे," त्या म्हणाल्या. "कायमचं नाही. बाळंतपणानंतर काही महिन्यांत आपलं आपण भरून येतं. पण तोवर या पायावर उभं राहायचं नाही. एक पाऊलसुद्धा नाही."

तय्यबनं विचारलं, ही कुठे पडली-बिडली तर?

"पडायची वाट बघत नाही ते. अशा बायकांचं हाड आधी मोडतं, मग बाई पडते. घरचे म्हणतात, पडली म्हणून मोडलं."

लल्ला, मला त्यानंतरचं काही ऐकू आलं नाही. गोळ्या, कुबड्या, मे अखेरीस पोट उघडून बाळ काढायचं, हे सगळं तय्यबनं ऐकून घेतलं. मी यम्माच्या घराच्या जिन्यावर होते. तू हम्मामला न्हायला निघालेली, पायात खडावा.

यम्मानं त्या खडावा चुलीत घातल्या. येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितलं, खडावा घालून उतरली, हट्टी पोर. दोष खडावांना द्यायची आणि बघायची तुझ्याकडे. तुझ्या सासरच्यांनी तर खडावांचंही नाव घेतलं नाही. सरळ म्हणाले, हिनं आमचा मुलगा मारला, आणि लंगडत्या पायानं तुला परत पाठवलं. यम्मा गेली तेव्हा तू फोनवर मला म्हणालीस, "त्या घरात मी खुनी आहे, तिथे मी येत नाही." आणि ठेवलास. ते आपलं शेवटचं बोलणं.

मला खात्री नाही. हे लिहिलंच पाहिजे. मी डॉक्टरीणबाईंना तुझ्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, वीस वर्षांपूर्वीच्या, न पाहिलेल्या हाडाबद्दल मी काही बोलणार नाही. दोघी बहिणींना हे होणं सहसा दिसत नाही, असंही म्हणाल्या. म्हणून मी छातीठोक सांगत नाही. पण त्या दिवशी माझा पाय गेला तो कसा गेला ते मला माहीत आहे. पायात खडावा नव्हत्या. साध्या रबरी सपाता होत्या, फरशी कोरडी होती. आणि मी पडले असते तर आज सगळी चाळ म्हणत असती, सांडलेल्या पाण्यावरून घसरली.

तू पडलीस म्हणून ते झालं नसेल, लल्ला. तू काही केलं नसशील.

मुनीरा

*

९ मे

लल्ला,

तू फोन केलास. मला नाही, हज्जांना, घरच्या जुन्या फोनवर. म्हणजे पत्रं पोचली.

हज्जा सकाळभर धुमसत होत्या. "तुझ्या बहिणीला सलाम करायचीसुद्धा रीत नाही. थेट विचारते, हज्जा, हजला कशानं गेला होतात? मी म्हटलं, विमानानं. तर म्हणते, मग सुनेला कशाला चालवताय?" मग म्हणाल्या, "फटकळ आहे. पण तुझ्यापेक्षा बरी. तू आपली बरी आहे, बरी आहे म्हणत मला फसवलंस." त्यात त्यांची चूक काढता येत नाही. दुपारी त्यांनी स्वतः शेजारच्या खोलीतला पलंग सरकवून न्हाणीघराच्या दाराशी आणला, आणि त्या बूझल्लूमवाल्या बाईला दारातूनच परत पाठवलं.

मी पलंगावरून हाक मारत होते, फोन इकडे आणा म्हणून. हज्जा वायर सोडवत होत्या. तोवर तू ठेवलास.

आता खरं सांगते, कारण बरी आहे म्हणायची सवय मला महाग पडली आहे. तय्यब परत गेलाय. जूनच्या आधी रजा मिळणार नाही, त्यानं सगळ्यांचे पाय धरून झाले. आणि चार दिवसांपासून डावी जांघ दुखतेय. तीच कळ, तीच जागा. कुबड्यांचा उपयोग एक पाय धड असेल तर. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, दोन्हीकडे होऊ शकतं, आता पलंग सोडायचा नाही.

मला झोपेत कूस बदलायची भीती वाटते. शिंकायची भीती वाटते. हज्जा चादर ओढतात तेव्हा मी श्वास धरते. बाळानं लाथ मारली की मी आधी हाडाचा विचार करते आणि मग बाळाचा. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. माझ्या हाडातलं सगळं हेच ओढून घेतंय असं एक दिवस मनात आलं, आणि मी पोटावरचा हात काढला. डॉक्टर म्हणतात, तसं काही नसतं. हज्जांना विचारलं तर म्हणाल्या, "घेऊ दे की. परक्याचं थोडंच घेतोय?" त्या हसल्या. मला हसू आलं नाही. अशी आई या पोराला मिळणार आहे, लल्ला, आणि तीही पलंगावर पडलेली. उचलून घेता येणार नाही, छातीशी धरून खोलीत दोन फेऱ्या मारता येणार नाहीत. काही महिन्यांत भरून येतं म्हणतात. भरून नाही आलं तर? तुझं कुठे आलं?

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू देते. तुझं मोडलं होतं, माझं अजून मोडलेलं नाही, एवढाच फरक आहे आणि तो एका बादलीचा आहे.

शस्त्रक्रिया चोवीस मेला ठरली आहे. त्या सकाळी मला खुर्चीत बांधून चौघे जण पाच मजले खाली नेणार. तळमजल्यावरचे दुकानदार सी सालह, त्यांचा भाऊ, हूरियाचा नवरा आणि कोणीतरी. जिना तुला माहीत नाही, वळणावर इतका अरुंद आहे की कपाट वर आणलं तेव्हा दार काढावं लागलं होतं. सगळी माणसं चांगली आहेत. खुर्ची आपटली तर चांगल्या माणसांच्या हातूनच आपटेल.

ये.

मला उचलायला नको. तुला ते जमणार नाही. शेजारी बस. खाली नेताना आतून काही आवाज आला आणि मी मोडलं म्हणाले, तर मोडलंच, असं म्हणणारं कोणीतरी तिथे हवं. बाळाचं काही झालं तर लोकांनी उद्या माझं काय काय सांगायचं ते सांगावं. पण कोणीतरी एक माणूस असावं ज्याला ते खरं वाटणार नाही. तुझ्याजवळ तसं कोणी नव्हतं. हे मी तुला ऐकवायला लिहीत नाही. मी फार घाबरले आहे.

तू नाही आलीस तर समजून घेईन, असं लिहायला हवं. समजून घेणार नाही.

मुनीरा

*

२३ मे, दुपारी. टोपलीतून.

लल्ला,

हज्जा बाल्कनीत दोरी धरून उभ्या आहेत आणि मला घाई करतायत. म्हणतायत, पाव आणायच्या टोपलीत पत्रं पाठवणारी सून मी पहिल्यांदा बघतेय.

सकाळी सी सालह यांनी खालून हाक मारली, ओरानची पाहुणी आलीय, पहिल्या मजल्यापर्यंत चढली आणि जिन्यातच बसली, आता आमच्या घरात आणून बसवलंय, तिला वर आणायचं का? तू नको म्हणालीस. मी खाली येऊ शकत नाही आणि तू वर येऊ शकत नाहीस. हूरियाला हे सांगितलं तर ती हसत सुटली आणि मग रडायला लागली.

मी बाल्कनीपर्यंतसुद्धा येऊ शकत नाही. हज्जांना विचारलं, कशी दिसते? म्हणाल्या, तुझ्यासारखीच, पण हिच्या नाकावर राग आहे.

तुझी चिठ्ठी टोपलीतून वर आली. उशाशी आहे. इतक्या वेळा वाचली की पाठ झाली. "आवाज आधी आला. मग पडले. मला तेव्हाच माहीत होतं. यम्माला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं. तुझ्या डॉक्टरणीनं नवं काही सांगितलं नाही. नवं एवढंच की कोणीतरी लिहून पाठवलं. उद्या खाली ये. मी दारात आहे. त्याचं नाव मी इल्यास ठेवलं होतं."

मी समजत होते, मीच तुला काहीतरी कळवतेय.

नाव मला माहीत नव्हतं. नाव ठेवलं होतं हेच माहीत नव्हतं. मघाशी मी ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. हज्जांनी विचारलं, कोण इल्यास? मी म्हणाले, माझा भाचा. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि ती बाटली घेऊन आल्या, मी उतरवलेली, पहिली. टोपलीत ठेवली. मी म्हटलं, हज्जा, ही तर आपल्या बाळाची. म्हणाल्या, "आपल्याला पुढच्या वर्षी. त्याची राहिलीय."

बाटली कापडात गुंडाळली आहे. टोपली हळू उतरवून घे. हज्जांचा हात अजून दुखतो, पण त्या दुसऱ्या कोणाला दोरी देत नाहीत.

उद्या सकाळी आठला. मी तुला वरूनच हाका मारत येईन. प्रत्येक मजल्यावर. तू खालून ओ देत राहा.

मुनीरा